मोर म्हणजे माझा

श्रावण लागला की माझ्या दुकानात मोरपंखी रंगावरून वाद सुरू होतात. गोंदियाच्या बाजारात माझं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, एवढंच. राणी म्हणजे राणी, चिंतामणी म्हणजे चिंतामणी, तिथे कुणाची तक्रार नसते. पण "भाभी, मोरपंखी दिखाओ ना" असं कानावर आलं की मी न विचारता तीन ताके काढून ठेवते. एकीला त्यात हिरवा जास्त हवा असतो, दुसरीला निळा, आणि तिसरी हमखास म्हणते, "ये नहीं भाभी, वो चमकनेवाला." तसा चमकणारा मोरपंखी सुतात येत नाही, हे मी तिला सांगत नाही. गिऱ्हाईक आहे, उठून समोरच्या दुकानात जाईल.

परवा अशीच एक बाई हटून बसली. शेवटी मी गल्ल्याशेजारची कुंकवाची जुनी डबी उघडली आणि आत ठेवलेला एक पंख तिच्यासमोर धरला. करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. इकडून हिरवा, तिकडून निळा, आणि मधूनच तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा लाल. "यही! यहीच रंग!" बाई ओरडली. "मोर का है?" मी म्हटलं, नाही, किड्याचा. तिने हात असा मागे घेतला की जणू तो चावणार होता. गेली बिचारी हिरवा जास्त असलेला पीस घेऊन.

आमच्या गावाकडे त्याला मोरकिडा म्हणतात. गाव सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. पावसाळा अर्ध्यावर आला की शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळींवर हे किडे येतात. काटे चुकवत पानं खात बसतात, आणि ऊन पडलं की बाभूळ लग्नाला निघाल्यासारखी दिसते. लहानपणी आम्ही ते आगपेटीत पाळायचो, बाभळीचा पाला घालून. त्यांची अंडी थेट तांदळाच्या दाण्याएवढी. "माझा मोर भात घालते," असं आम्ही पोरी एकमेकींना सांगायचो. धानाच्या मुलखातल्या पोरींना दुसरं काय सुचणार? पंखांवर डोळे असलेलं एक फुलपाखरूही आहे, त्यालाही आम्ही मोरच म्हणायचो. औषधाचं मोरचूद निराळंच. नाव एकदा चांगलं निघालं की सगळेच ते वापरतात, आणि मोर काही हरकत घ्यायला येत नाही.

खरा मोर मात्र आमच्याकडे कौतुकाचा विषय नव्हे. शहरातल्या माणसाचा मोर नाचतो, आमचा मोर खातो. धानाचं बी टाकलं की सकाळी तो हजर. रांगेत, शिस्तीत, लांडोरींना पुढे घालून. माझ्या वडिलांच्या, म्हणजे बाबूजींच्या बांधीत, धानाच्या खाचरात, येणाऱ्या मोराला त्यांनी 'पाटील' असं नाव ठेवलं होतं. कारण तो पाणी पाहिल्यावर धोतर उचलावं तसा पिसारा उचलून चालायचा, आणि हाकललं तरी पळायचा नाही, चार पावलं बाजूला होऊन उभा राहायचा. बाबूजी त्याला रोज शिव्या द्यायचे. उशीर झाला तर वाटही पाहायचे. "आज पाटील नाई दिसला," असं म्हणत चहाचा कप हातात घेऊन धुऱ्यापर्यंत जाऊन यायचे. माय म्हणायची, "माया भाऊ येनार म्हटलं तं इतकी वाट नाई पाहत."

हे सगळं आठवायचं कारण तो पंख, आणि तो पंख माझ्याकडे आला तो रोवणीचा, धानाच्या लावणीचा मोसम. पाच-सहा वर्षं झाली असतील. आता मोकळेपणी सांगता येतं.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. बी टाकलं होतं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाली होती, पण रोवायला बांधीत पाणीच नाही. पऱ्हे जागच्या जागी म्हातारे होत चालले. त्यात किडीने धरलं. बाबूजींचं डोकं फिरलेलं होतंच, आणि अशा माणसाला पानठेल्यावर जाऊ देऊ नये. तिथे चार माणसांसमोर ते बोलून बसले, "किडे खातेत ते खातेत, वरून तो पाटील. एखाद्या दिवशी असं औषध मारतो का दोघायचंही काम होऊन जाते." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पाठीवर पंप बांधून पऱ्ह्यांवर औषध मारलं. किडीसाठीच. आणि तिसऱ्या दिवसापासून पाटील यायचा बंद झाला.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा. लांडोरीही दिसेनात. मग बाबूजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं ते झालं, आणि तेवढ्यात एकदाचा पाऊसही आला. डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केलेली. रोवणी कोण पाहणार? म्हणून दुकान नवऱ्यावर सोपवून मी माहेरी गेले. घरात पाऊल टाकलं, तर माय चुलीपाशी होती. तिने 'कशी आहेस' विचारायच्या आधी सांगितलं, "तुया बाप बोलला, आन् मोर येनं बंद झाला." एवढंच बोलून ती भाकरी थापायला लागली.

दुपारी सगळे झोपल्यावर मी गोठ्यात गेले, औषधाची रिकामी बाटली शोधून काढली, तिच्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं आणि ती जुन्या साडीत गुंडाळून माझ्या बॅगेच्या तळाशी ठेवली. का ठेवली, हे तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मोराच्या केसमध्ये माणूस सरळ आत जातो, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. साठी उलटलेला, एका डोळ्यावर पट्टी असलेला माझा बाप. किडीवर औषध मारलं यात गुन्हा नव्हता, पण पानठेल्यावरचं बोलणं मागे घेता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला कायद्याची भीती अर्धीच होती. उरलेली अर्धी अशी होती, की बाबूजींनी रागात मोरापुढे टाकायच्या दाण्यांनाही औषध चोळलं असेल तर? मी त्यांची मुलगी. त्यांचा राग मला ठाऊक आहे, तो माझ्यातही आहे.

रोवणीला छत्तीसगडहून बायकांची टोळी आली होती. सीमा आमच्यापासून फार दूर नाही, दर वर्षी येतात, पंधरा-वीस दिवस राहतात. त्यांची म्होरकी सुकवारो. उंच, काळी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की तीन बांध्यांपलीकडे ऐकू यावा. गुडघाभर चिखलात वाकून त्या एका ओळीत मागे सरकत रोवत जायच्या आणि गाणीही म्हणायच्या. बाबूजी काळा चष्मा लावून मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून हुकूम सोडायचे. त्यांचे हुकूम कुणी ऐकत नव्हतं. मी चहा न्यायचे, पऱ्ह्यांच्या जुड्या मोजायचे आणि सारखी जंगलाच्या कडेकडे पाहायचे. तिकडे निळं काही दिसतं का. बाबूजीही चष्म्याआडून तिकडेच पाहत होते, हे मला कळत होतं. पण आम्ही दोघंही पाटलाचं नाव घेत नव्हतो. घरात एखाद्याचं नाव घ्यायचं टाळायला लागलो की तो माणूस फार मोठा होतो, तसं मोराचं झालं होतं.

सुकवारोने आणि तिच्या मैत्रिणीने धुऱ्यावरच्या बाभळीवरून एकेक मोरकिडा पकडला होता. सुकवारोची मुलगी गावी आजीकडे होती, तिला दाखवायला न्यायचा होता. आगपेटीत पाला घालून ती तो जपत होती. एके सकाळी तिने आगपेटी उघडली तर किडा पाय वर करून पडलेला. मैत्रिणीचा मात्र टुणटुणीत. तेव्हा सुकवारो कमरेवर हात ठेवून धुऱ्यावर उभी राहिली आणि तिने थट्टेनेच, पण गळा काढून आरोळी दिली,

"हाय दाई! एकर ह जियत हे, मोर ह मर गे वो!"

छत्तीसगडीत मोर म्हणजे माझा आणि तोर म्हणजे तुझा. हिचा जिवंत आहे, माझा मेला, एवढंच ती म्हणाली. पण बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या पलीकडे आमचे शेजारी बिरजूकाका म्हशी धुवत होते. वाऱ्यावर त्यांच्याकडे शेवटचेच शब्द गेले. 'मर गे' म्हणजे मेला, हे त्यांना पक्कं माहीत. आणि मोर म्हणजे मोर, यात मराठी माणसाने कुणाला काय विचारायचं? मला पुष्कळदा वाटतं, मुळीच न कळणाऱ्या भाषेचा धोका नसतो. तिथे माणूस थांबतो, विचारतो. घोटाळा करते ती अर्धी कळणारी भाषा. आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना सगळ्या भाषा अर्ध्या येतात. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी. त्या जोरावर आमचा बाजार चालतो, लग्नं जुळतात आणि भांडणंही होतात.

बिरजूकाका वाईट माणूस नाही. त्यांनी चुगली केली नाही, नुसतं पानठेल्यावर सांगितलं, "अखेर मेला ना बाप्पा तो मोर. रोवनावाल्या बाया रडून राहिल्या." आणि तिथे आमच्या भागाचा नाकेदार चहा पीत बसला होता. जंगलाच्या गार्डला आमच्याकडे नाकेदारच म्हणतात. नवीनच आलेला, साताऱ्याकडचा तरुण मुलगा. अंगावर कडक इस्त्री, बोलायला नम्र. तो कप खाली ठेवून उठला आणि थेट आमच्या बांधीवर आला.

त्याला लांबून येताना पाहिलं आणि मला आधी बॅग आठवली. ती घरात नव्हती. दुपारच्या जेवणाचं सामान तिच्यातच आणलं होतं, त्यामुळे ती खाटेखाली होती, आणि बाटली तिच्या तळाशी. मी चहाची किटली घेऊन गेले आणि खाटेसमोर अशी उभी राहिले की बॅग माझ्या साडीआड झाली. बाबूजी खाटेवरून उठले. "राम राम साहेब," म्हणाले. नाकेदार म्हणाला, "काका, इथं मोर मेलाय असं कळलं. तुम्ही बसा. मला जरा या बायांना विचारू द्या."

बाबूजी काही म्हणतील असं मला वाटलं. 'काय मोर? कोणता मोर?' असं निदान. ते नुसते खाली बसले. त्या बसण्याने माझी उरलीसुरली आशाही गेली. मनात म्हटलं, मारलाय, बाबूजींनी खरंच मारलाय.

नाकेदार धुऱ्यावर उभा राहिला. "ए बाई, मोर कुठाय?"

सुकवारो चिखलातून सरळ झाली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोर?" ती म्हणाली. "तोर ल मैं का जानँव?"

म्हणजे, तुझा कुठे आहे ते मला काय ठाऊक. नाकेदार चिडला. "तोर नाही, मोर! मोर!"

"मोर ह तो झोला म हे."

'झोला' त्याला कळलं. बाभळीला सगळ्या बायकांच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पिशवीत? मोर पिशवीत घातलाय? कापून?" सुकवारोने त्याच्याकडे असं पाहिलं, की ह्या पोराला उन्हाची झळ लागली असावी. "काबर काटहूँ?" ती म्हणाली. कशाला कापू? "पाँख बर राखे हँव." पंखांसाठी ठेवलाय. आता पंख म्हटल्यावर तर शंकाच उरली नाही. नाकेदाराने खिशातून वही काढली, पेन काढलं, आणि म्हणाला, "पिशवी उघड."

सुकवारो चिखलाच्या पायांनी धुऱ्यावर चढली, पिशवीतून आगपेटी काढली आणि त्याच्या उघड्या वहीवर ठेवली. "देख ले साहेब. मोर ए. मोर नोनी बर." माझा आहे. माझ्या पोरीसाठी.

त्याने आगपेटी सरकवली. आत बाभळीच्या चार वाळल्या पानांवर तो किडा पडला होता. मेलेला असला तरी रंग तसूभर उतरलेला नव्हता. नाकेदार पाहतच राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "याला काय म्हणतात?" आणि आता उत्तर द्यायला माझ्याशिवाय होतं कोण? मी म्हटलं, "मोर."

पहिल्यांदा सुकवारो हसली. मग ओळच्या ओळ हसायला लागली, दोघी-तिघी तर चिखलात बसल्याच. नाकेदारही हसला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं आणि वही खिशात घातली. बिरजूकाका मागोमाग आलेच होते, ते म्हणाले, "मले तं 'मोर' ऐकू आलं ना वो!" मी त्यांना म्हटलं, "काका, उद्यापासून म्हशीच धुवा, कान नका लावू." हसू आवरत नव्हतं, पण मी तशीच बॅगेला पाय टेकवून उभी होते. परत रोवायला जाताना सुकवारोने किड्याचा एक पंख माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा तिच्या मुलीच्या टिकलीसाठी.

सगळे हसले, एकटे बाबूजी सोडून. त्यांनी नाकेदाराला चहा घेऊन जायचा आग्रह केला, पोहोचवायला रस्त्यापर्यंत गेले, आणि परत येऊन खाटेवर पाठ करून पडले. त्यांचं दुखणं मला समजत होतं. पिशवीत मोर नव्हता हे खरं, पण बांधीतही तो नव्हताच. नाकेदार गेला होता, पाटील आला नव्हता. रात्री ते नीट जेवले नाहीत. मायने विचारलं तर डोळ्यावर हात ठेवून म्हणाले, "डोरा दुखून राहिला."

असे आणखी आठ-नऊ दिवस गेले. रोवणी सरत आली. हिरवं चिखलात उभं राहत गेलं, आणि आकाश कधी भरून यायचं, कधी निवळायचं. आज दुकानात बसून त्या दिवसांचा विचार करते तेव्हा आधी वास येतो. उपटलेल्या पऱ्ह्यांचा, ओल्या गोणपाटाचा. मग त्या बायकांच्या बांगड्या ऐकू येतात. चिखलात हात बुडाला की मुक्या होणाऱ्या, वर आला की वाजणाऱ्या. बाबूजी मात्र त्या आठवणीत बोलत नाहीत. ते नुसते जंगलाच्या बाजूला तोंड करून बसलेले असतात.

शेवटच्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. टोळी वरच्या बांधीत होती. मी आणि बाबूजी खालच्या धुऱ्यावर. जंगलाकडून पाच लांडोरी आल्या. मळक्या, भिजलेल्या, पायात चिखल. मी पाहिल्या आणि नजर वळवली. लांडोरी तर लांडोरी. पण बाबूजींनी काळा चष्मा काढला.

"त्यातली चवथी पाह्य," ते म्हणाले.

चौथीची मान निळी होती. गर्द, ओली, निळी. मागे शेपटीच्या जागी नुसता बुंधा, दोन-चार तुटकी पिसं लोंबत असलेली. श्रावण सरताना मोर पिसं टाकतो, हे आमच्या गावात आंधळ्यालाही माहीत आहे. पण इतके दिवस आम्ही दोघं पिसाराच शोधत होतो. जो जसा हरवला तो तसाच परत येईल, असं माणूस धरून चालतो. लांडोरी चार दिवसांपासून पुन्हा दिसू लागल्या होत्या. कोण जाणे, त्यांच्यात मिसळून तो आमच्यासमोरून किती वेळा गेला असेल आणि आम्ही त्याला लांडोर म्हणून सोडून दिलं असेल. त्याने पाण्याच्या कडेशी येऊन नसलेला पिसारा उचलला, आणि तसाच ऐटीत धुरा चढून आमच्यापासून दहा हातांवर उभा राहिला.

"हाकला ना," मी म्हटलं.

बाबूजींनी हाकललं नाही. शिवीही दिली नाही. दोघंही तिथेच ओल्या धुऱ्यावर बसलो. मोर गवतातले किडे टिपत होता. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बाटली तूच लपवली ना?"

"हो."

"तुले वाटलंच ना का म्या मारला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मोर समोर जिवंत उभा होता, आता कशाला? मी म्हटलं, "हो बाबूजी, वाटलं."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते त्यांनी धोतराच्या सोग्याने टिपलं.

"मलेबी," ते म्हणाले.

त्या दुपारी बाबूजी जेवून जे झोपले, ते दिवेलागणीलाच उठले.